उझमाच्या लग्नाची सीडी

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. कॅमेरा उलटा धरून मी डाव्या हातानं बटण दाबते आणि फोटो नंतर कंप्यूटरवर सुलटा करते. कुणी विचारलं, बोटांना काय झालं, तर सांगते, अद्नाननं मोडली. असं तोंडावर सांगितलेलं लोकांना आवडत नाही. ते चुळबुळतात, छताकडं बघतात. बघू देत. फरीदा पहिल्यापासून फटकळ म्हणूनच प्रसिद्ध आहे.

दाभोळात बायकांचे फोटो काढायला मी एकटीच. पुरुषांच्या बाजूला कॅमेरे मिरवणारे खंडीभर. दापोलीहून येतात, चिपळूणहून येतात, बिर्याणी हाणतात आणि नवऱ्याचं नाक चमकवून जातात. पडद्याच्या आत मात्र, जिथं बायका ओढण्या बाजूला टाकून नाचतात आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला करतात, तिथं माझ्याशिवाय कुणाचा कॅमेरा जात नाही. त्याला कारण माझा नेम. एका लग्नाची एकच सीडी करायची. तिच्यावर मार्करनं 'बायकांची बाजू' लिहायचं आणि ती नवरीच्या आईच्या हातात द्यायची. मग आई खुर्ची ओढून बसते आणि तिच्या डोळ्यांदेखत मी कार्ड पुसते, कंप्यूटरमधलं पुसते, शेवटी कचऱ्याची ती चित्रातली बादलीसुद्धा रिकामी करते. आया आता हुशार झाल्यात. "बादली राहिली गो फरीदा," असं त्याच आठवण करून देतात.

हमीद, माझा नवरा, कुवेतला असतो. कॅमेरा आणि सीडी-रायटर त्यानंच पाठवला. फोनवर मला नेहमी ओरडायचा, "येडे, एक तरी कॉपी मागं ठेव. एकच कॉपी म्हणजे कॉपीच नाय." मी म्हणायची, तुझं शहाणपण कुवेतला ठेव. परक्या लेकींचे उघड्या डोक्याचे फोटो माझ्या कंप्यूटरात राहिले, तर उद्या मला कोण दारात उभी करील?

२००५ च्या मे महिन्यात झरीनखालाच्या उझमाचं लग्न झालं. पोरगी गोड आणि डोक्यानं तल्लख, दापोलीला कंप्यूटरचा क्लास करून आलेली. नवरा रियाज जहाजावर नोकरीला. त्याचा थोरला भाऊ अद्नान दोन ट्रॉलरांचा मालक, आणि बंदरावरच्या निम्म्या चुली त्याच्या जिवावर पेटायच्या. म्हणून लोक त्याच्यासमोर वाकून बोलायचे. माझा भाऊ तहा वाकायचा नाही. तहा माझ्याहून लहान. आई गेल्यावर मीच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, मारलंही. त्याची एक छोटी होडी होती आणि खाडीच्या तोंडाशी लावायची जाळी.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. डोळे लाल झाले होते.

"आपा, कॅमेरा घे नि चल. अद्नानच्या ट्रॉलरनं माझी जाळी फाडलान. ह्या बारीला मी सोडायचा नाय. फोटो घेऊन रत्नागिरीला जातो नि मच्छीखात्याच्या सायबाच्या टेबलावर टाकतो."

किनाऱ्याजवळ ट्रॉलरांना मनाई होती, पण मनाई कागदावर आणि ट्रॉलर पाण्यात. कॅमेऱ्यात लग्नाचंच कार्ड होतं. त्याची सीडी अजून केली नव्हती, पण जागा शिल्लक होती. मी तसाच कॅमेरा गळ्यात अडकवला.

जेटीवर तहानं जाळी पसरून दाखवली. नुसत्या चिंध्या. मी फोटो काढत गेले. मग तो अद्नानच्या ट्रॉलरपाशी ओणवा झाला आणि ओरडला, "हिकडं बघ, आपा! पंख्यात माझाच जाळा अडकलाय. काढ फोटो!"

तेवढ्यात अद्नान आला. अंगाला कालच्या लग्नाचं अत्तर, करंगळीला मेंदी.

"काल तुझ्या आपाला आमच्या घरात मानानं जेवायला बसवली, नि आज तू माझ्या बोटीला हात लावतंस?"

"तुझ्या बोटीनं माझ्या पोटाला हात लावलान," तहा म्हणाला.

अद्नाननं त्याच्या थोबाडीत मारली. तहानं उलट मारली, दुप्पट जोरानं, आणि अद्नान जाळ्यांच्या ढिगात बसला. कुणीतरी हसलं. ते हसणं माझ्या भावाला भोवलं. अद्नानच्या दोन खलाश्यांनी तहाचे हात मागं पिरगाळले आणि अद्नान उठला तो होडीचा लोखंडी नांगर घेऊनच उठला. चार नखांचा नांगर. पहिला घाव तहाच्या खांद्यावर पडला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तहानं अद्नानच्या पोटात लाथ घातली. दुसरा घाव डोक्यात बसला. देवळाच्या पायरीवर नारळ फुटावा तसा आवाज झाला. खलाश्यांनी घाबरून हात सोडले, तर अद्नाननं पडत्या तहाला तिसरा घाव घातला. तहा बोट आणि जेटीच्या मधल्या फटीत गेला आणि तिथलं पाणी लाल झालं.

मी किंचाळत होते आणि बटण दाबत होते. कॅमेरा दिसला तर तो थांबेल असं मला वाटत होतं. माणूस किती मूर्ख असतो!

जेटीवर माणसं उभी होती, एकही हलला नाही. मग अद्नाननं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तिच्याकडचा कॅमेरा घ्या."

मी पळाले. भावाकडं न जाता बाजारातल्या माझ्या फोटोच्या दुकानाकडं पळाले म्हणून मला पुढं नावं ठेवली गेली. ठेवोत. तहा गेला होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्याचं जे काही उरलं होतं ते माझ्या गळ्यात लटकत होतं.

दुकानात शिरून शटर कमरेपर्यंत ओढलं, कार्ड कंप्यूटरात घातलं आणि सीडी लावली. लग्नाचे वेगळे, जेटीचे वेगळे करायला वेळ नव्हता. सगळं कार्ड तसंच घातलं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी तिला शिव्या घालत होते.

शटरखालून बुरखा आत आला. झरीनखाला. ठरल्याप्रमाणं लेकीची सीडी न्यायला आली होती.

"शटर कशाला ओढलंस गो? उकडून मरशील," ती म्हणाली, आणि मग तिचं माझ्या ओढणीकडं लक्ष गेलं. "रगत कसला?"

"खाला, बसू नका. ही सीडी न्या नि उझमाच्या हातात द्या. दुसऱ्या कुणाच्याच नाय."

"नि बादली?"

"मी करतंय रिकामी. आज माझ्यावर विश्वास ठेवा."

सीडी बाहेर आली तेव्हा गरम होती. मी तिच्यावर 'उझमा, बायकांची बाजू' लिहिलं. झरीनखालानं ती पाकिटात घालून बुरख्याआड पर्समध्ये ठेवली आणि त्याच क्षणी शटर खडाडून वर गेलं. दारात अद्नान, मागं त्याची माणसं.

लेकीच्या थोरल्या दिराला बघून झरीनखाला चपापली. अद्नानही चपापला.

"काय नेतंस, खाला?" त्यानं विचारलं.

"काय नेणार बाबा? बायकांचे फोटो. तुझ्याच घरी पाठवायचेत."

आणि ज्याच्या हातावर माझ्या भावाचं रक्त अजून ओलं होतं, तो अद्नान नजर खाली घालून बाजूला झाला. त्यानं झरीनखालाला वाट दिली. बायकांच्या फोटोंना हात लावणारा नीच माणूस तो नव्हता ना!

ती गेली आणि शटर खाली आलं. त्यांनी आधी कॅमेरा फरशीवर आपटला. कार्ड काढून पकडीत चुरलं. कंप्यूटर फोडून आतली हार्ड डिस्क काढली आणि तिच्यावर हातोडा घातला. दुकानातली एकूण एक सीडी, कोऱ्यासुद्धा, मोडून तुकडे केले. मी अद्नानच्या मनगटाचा चावा घेतला. त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं, मग माझा उजवा हात टेबलावर दाबून धरायला सांगितला आणि माझ्याच कॅमेऱ्याची तिपाई उचलली.

"फोटो काढतंस? काढ आता."

एकेक बोट. मी गुरासारखी ओरडले. बाहेर बाजार चालू होता आणि कुणाला काही ऐकू गेलं नाही म्हणे.

पोलिसांच्या कागदावर असं आलं की, जाळी ओढताना तहाचा पाय घसरला आणि तो नांगरावर पडला. जेटीवरची सगळी माणसं तसंच बोलली. फौजदार वाईट नव्हता. माझ्या प्लास्टरकडं बघून म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण दाखवायला काय आहे?" दाखवायला जे होतं ते खुन्याच्या घरात, त्याच्या भावजयीच्या कपाटात होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. पोलीस दाराशी पोचायच्या आधी अद्नानला कळलं असतं, आणि सीडीबरोबर उझमाही मोडली असती.

तिसऱ्या दिवशी तहाची जियारत झाल्यावर मी झरीनखालाला गाठलं आणि त्या सीडीत काय आहे ते सांगितलं.

"मी तर ती दिली गो पोरीला! नि येत्या जुम्याला तिच्या सासूनं बायका बोलावल्यात, सीडी बघायला. टीव्हीवर लावणार." तिनं माझा चांगला हात धरला. "फरीदा, तुझ्या पायां पडतंय. कायपन कर, पण ती लावू देऊ नको. अद्नान माझ्या लेकीला जिती ठेवायचा नाय."

ही आमच्याकडची रीत. लग्न झालं की काही दिवसांनी नवरीच्या सासरी बायका जमतात, दार लावून सीडी बघतात, हसतात, नावं ठेवतात आणि सरबत पितात. पुरुष तिकडं फिरकत नाहीत. बंदरावर माणूस मेला तरी अद्नानच्या घरानं बेत मोडला नाही. आपल्याकडं काही घडलंच नाही असं त्यांना दाखवायचं होतं.

मी जायचं ठरवलं. सीडी सुरू व्हायच्या आधी ती हिसकून न्यायची, बस. तहासाठी की उझमासाठी, ते विचारू नका. दोघांसाठी करायचं काम एकच होतं.

जुम्याच्या दुपारी मी त्यांच्या मागच्या दारानं आत गेले. अद्नानची आई रुकैयाबी मला बघून क्षणभर थबकली, पण दुःखातल्या बाईला दारातून परत पाठवायची तिची हिंमत झाली नाही. "ये, बस," म्हणाली. "तुझ्या भावासाठी रोज दुवा मागतंय मी." खरंच मागत असावी. तिला लेकानं घसरलेल्या पायाची गोष्ट सांगितली होती.

माजघर बायकांनी भरलं होतं. उझमा सरबताचा पेला घेऊन माझ्याकडं आली. लग्नात चमकणारी पोर आता पांढरीफटक दिसत होती.

"सीडी दे," मी ओठांतल्या ओठांत म्हटलं.

"तुमच्या हाताची झोळी सैल झालीय, आपा," ती मोठ्यानं म्हणाली आणि माझ्या मागं बसून मानेवरची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. मग कानाशी हळूच बोलली, "मी बघितलाय सगळा. चार दिवस झाले. रियाजना जहाजावरनं लवकर बोलावणं आलं, ते गेले नि मी त्यांच्या कंप्यूटरवर लावली."

"मग आज लावतंस कशाला? मरायचाय तुला?"

"मी सासूला दोनदा टाळली. आता टाळता येत नाय. नि खरा सांगू, आपा? तो माणूस रोज माझ्या हातचा जेवतो नि म्हणतो, तहाचा पाय घसरला. मी एकटीनं किती दिवस गिळायचा? एकदा सगळ्यांना बघू दे."

तिनं गाठ घट्ट केली, झोळीत माझा हात नीट बसवला, उठली आणि रिमोट दाबला.

टीव्हीवर उझमाची मेंदी आली. मग हळद. मग झरीनखाला नाचताना, आणि बायका फुटल्या. "बघ गो, कंबर कशी हलवते! म्हणे गुडघे दुखतात!" एकीचा भरल्या तोंडाचा फोटो आला तर ती मलाच ओरडली, "फरीदा, मेले, तुला खाताना बरी मीच गावली!" मी हसले. भाऊ जाऊन आठवडा झाला होता आणि मी हसले. उझमाचा निकाह आला, आईच्या गळ्यात पडून रडतानाचा फोटो आला, गाडीच्या काचेतला तिचा शेवटचा चेहरा आला.

आणि मग जाळं आलं, फाटलेलं.

"ह्या काय?" कुणीतरी म्हणालं.

तहा आला, पंख्याकडं बोट दाखवणारा. जाळ्यात बसकण मारलेला अद्नान आला. पिरगाळलेले हात आले. मग डोक्यावर उचललेला नांगर, आणि तो धरणाऱ्या हाताच्या करंगळीची मेंदी स्वच्छ दिसत होती. पुढचा फोटो. पुढचा. पाणी लाल झालेला फोटो आला तेव्हा अद्नानची बहीण किंचाळली.

बाहेरून अद्नाननं दार ठोठावलं. "काय झाला?"

"येऊ नको," रुकैयाबी म्हणाली. तिचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. "बायका बसल्यात."

पुन्हा एक किंकाळी उठली आणि अद्नाननं दार लाथेनं तोडलं. बायकांनी ओढण्यांसाठी एकच धावपळ केली. त्याला पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसला. त्यानं प्लेअर वायरींसकट उपटला, सीडी ओढून काढली आणि गुडघ्यावर मोडली. तुकडे त्याच्या तळव्यात घुसले. त्याच रक्ताळल्या हातानं त्यानं उझमाचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. दात फरशीवर पडले. मी उठले आणि प्लास्टरचा हात होता नव्हता त्या जोरानं त्याच्या नाकावर हाणला. नाक मोडलं, माझं प्लास्टरही तडकलं, आणि वेदनेनं डोळ्यांपुढं काजवे चमकले तरी मला अतिशय बरं वाटलं. त्यानं मला पोटात लाथ घालून पाडलं आणि पुन्हा उझमाकडं वळला.

मधे रुकैयाबी उभी होती. तिच्या हातात सरबताचा पितळी तांब्या होता. तिनं तो लेकाच्या कपाळावर मारला. तो मागं सरकला, तिनं परत मारला.

"तुझा बापूस कधी ह्या खोलीत बायका असताना पाय ठेवलान नाय," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा मारला. "माणूस मारलास नि माझ्याकडनं त्याच्यासाठी दुवा मागवलास!"

मग बाकीच्या उठल्या. कुणाच्या हातात केरसुणी, कुणाच्या पाट, कुणाच्या नुसत्या चपला. बंदरावर ज्याच्यापुढं पुरुष हलले नाहीत, त्याला बायकांनी तुडवत मागच्या दारापर्यंत नेलं. तो कसाबसा सुटून पळाला.

टेम्पोतून आम्ही उझमाला दापोलीच्या दवाखान्यात नेलं. तिचा जबडा लोंबत होता, बोलता येत नव्हतं. ती सारखी माझ्या झोळीकडं बोट दाखवत होती. मला वाटलं, माझ्या हाताची काळजी करतेय, म्हणून मी तिच्यावर खेकसले की आधी स्वतःचं बघ. तिथं नर्सनं तडकलेलं प्लास्टर बघायला झोळी सोडली आणि आतून एक सीडी घरंगळली. वर काहीही न लिहिलेली.

फौजदारानं ती माझ्यासमोर लावली. जेटीचे सगळे फोटो होते, एकूण एक. त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावले. मग म्हणाला, "बाई, ह्यांचे नंबर मधूनच सुरू होतात. आधीचे फोटो कुठं आहेत?"

मी पुन्हा बघितलं. फाटक्या जाळ्याच्या आधी काहीच नव्हतं. मेंदी नाही, हळद नाही, निकाह नाही. रियाजच्या कंप्यूटरवर एकटीनं बसून उझमानं नक्कल केली होती ती फक्त माझ्या भावाची. ही सीडी पोलीस बघणार, वकील बघणार, पुरुषांनी भरलेलं कोर्ट बघणार. म्हणून तिनं आपल्या लग्नातली एकही बाई त्यात घातली नव्हती. स्वतःलासुद्धा नाही. माझा नेम तिनं माझ्याहून कडक पाळला होता. लग्नाचे फोटो होते ते त्या एकाच सीडीवर, आणि ती कधीतरी टीव्हीला लावावीच लागणार, अद्नान ती मोडणार, हे तिला माहीत होतं.

"आधीचे बायकांचे होते," मी फौजदाराला सांगितलं. "ते नाहीत." आणि तहा मेल्यापासून पहिल्यांदा मी ढसाढसा रडले.

अद्नानला दाभोळ सोडायच्या आत पकडला. तो अजून आत आहे. रुकैयाबी साक्षीला आली नाही, पण लेकाला डबाही कधी पाठवला नाही.

उझमा आता आईकडं असते. जबडा तारेनं बांधला होता तो सुटला, तेव्हा मी तिला भेटायला गेले. जाताना मनात ठरवलं होतं, माफी मागायची आणि सांगायचं की पुन्हा नवरीचा साज करू, पुन्हा फोटो काढू. तिनं मला तोंड उघडू दिलं नाही.

"आपा," ती म्हणाली. शब्द अजून दातांच्या फटीतून निसटत होते. "माझी मेंदी कशी होती, तुमाला आठवते? मला डावा हात आठवतो. उजवा आठवतच नाय."

मी तिचा उजवा हात माझ्या मोडक्या हातात घेतला. "मनगटापासून सुरू केली होती," मी म्हटलं, "आधी वेल, मग आंब्याची पानं," आणि एकेका बोटावर काय होतं ते तिला सांगत बसले.